बिनरंगाच्या वड्या

९ जून १९८६

शाळा सुरू झाली. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले. खुर्ची उंच आहे. पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. परशुराम शिपायाला पाट आणायला सांगणार होते, पण पहिल्याच दिवशी नको म्हणून राहिले.

निघताना विश्रामना सांगितलं, आजपासून शाळेचं घरी नाही आणि घरचं शाळेत नाही. तिथं तुम्ही चित्रकलेचे परब सर, मी बाई. ते म्हणाले, "बरां." आणखी काही म्हणतील म्हणून उंबऱ्यात थांबले. म्हणाले नाहीत.

या वहीत मी त्यांना नावानं लिहिते. तोंडानं लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलेलं नाही. वही साड्यांच्या खाली असते.

नव्या चपला घेतल्या, रबरी तळाच्या. व्हरांड्यातून चालताना अजिबात आवाज होत नाही. आठवी ब बेसावध सापडली.

१५ जून

रविवार. अर्धं स्वयंपाकघर विश्रामनी घेतलं आहे. मे महिन्यात रेखाकला परीक्षेच्या कामाला म्हणून कोल्हापूरला गेले, चार दिवसांचे अकरा दिवस झाले आणि येताना हे वेड घेऊन आले. पॅराफिन मेणाच्या लाद्या, सुताची रिळं, मेणबत्त्यांचे पत्र्याचे साचे, ग्लिसरिनच्या बाटल्या. कुठल्याशा संस्थेत शिकलो म्हणतात. कुठल्या, ते सांगत नाहीत.

दर सुट्टीत किल्ल्याची जलरंगातली चित्रं काढायचे. यंदा एकही नाही.

साबणाची रीत अशी. बिनवासाचा पांढरा साबण किसायचा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात छोटं पातेलं, छोट्यात कीस, ग्लिसरिन आणि घोटभर पाणी. हळू ढवळायचं, नाहीतर फेस होतो. विरघळला की करवंट्यांत ओतायचा. दुसऱ्या दिवशी उपडं केलं की अर्धी वाटी हातात येते. न्हाणीघरात आता दुकानची वडी नाही, ही वाटी आहे. हातात नीट बसते. तेवढं मान्य.

२९ जून

आज रंग घातले. माझ्यासाठी निळ्या वड्या करतो म्हणाले. झाल्या हिरव्या, तशाही मळकट. मी म्हटलं, "ह्यो निळो?" त्यांनी वडी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, नाकाजवळ धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "रंग नको. वास पुरे."

चोवीस वर्षं मुलांना रंग शिकवणारा माणूस. मला मुख्याध्यापिका केलं म्हणून असेल का? सेवाज्येष्ठतेनं ते माझ्या वर होते. चित्रकला शिक्षकाला ती खुर्ची मिळत नाही हा नियम माझा नाही. पण घरात नियमाला कोण विचारतो.

१३ जुलै

पाऊस. वीज दोन दिवस नव्हती. मेणबत्त्यांचा उपयोग झाला, हे कबूल केलं पाहिजे.

मेण साच्यात किती भरलं हे ते बोट घालून बघतात. उकळतं मेण. उजव्या हाताचं मधलं बोट पोळलं. मी म्हटलं, "डोळे कशाक दिल्यानी देवान?" ते बोट तोंडात घालून हसले. मला हसण्यासारखं काही वाटलं नाही.

मेण ओट्यावर, फरशीवर, माझ्या पोळपाटावर. खरवडून हात दुखले. शाळेतून आल्यावर अंगात काही उरत नाही.

२ ऑगस्ट

सायकल दीड महिना भिंतीला टेकून आहे. चाकात हवा राहत नाही म्हणतात. मी दाबून बघितली. हवा आहे.

दिवेलागणीनंतर बाहेर पडत नाहीत. कालच्या भजनालाही गेले नाहीत. पेटी वाजवणारा माणूस नाही म्हणून मंडळी दोनदा दारात येऊन गेली. "बरां नाय वाटणा" म्हणून दारातूनच परतवलं. त्यानंतर ओट्यापाशी बसून वाळ्याची मुळं बारीक कातरत होते. दिवाही लावला नव्हता.

माणूस मनात काही धरून बसला की असंच करतो.

११ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून येत होते. समोरून विश्राम. माझ्या अंगावरून गेले. मान हलवली नाही, नमस्कार नाही, काही नाही. दहावीची पोरं बघत होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "घरात भांडान झालां वाटता."

मी कार्यालयात जाऊन बसले. परशुरामनं पाणी आणून ठेवलं. हा माणूस न सांगता पाणी आणतो तेव्हा मला राग येतो.

घरी विषय काढला नाही. नियम माझाच आहे.

२४ ऑगस्ट

वड्यांवर आता खाचा असतात. चाफ्याच्या वासाच्या वडीला एक खाच, वाळ्याच्या दोन. बिनवासाची कोरी. मला वाटलं, दुकानच्या वड्यांवर असतो तसा शिक्का असावा. भांडी घासायला येणाऱ्या राधाबाईला विचारलं, कसा वाटतो मास्तरांचा साबण.

ती म्हणाली, "साबण बरो आसा बाईनू, पण मास्तरांका चष्मो बदलूक सांगा. काल माका तुमी समजान चाय दिल्यानी."

"मगे?"

"मगे काय, पियालंय. मुख्याध्यापिकेची चाय कधी गावतली?"

आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मला वाटलं, मला चहा देतात? मला तर महिनाभर कुणी दिला नाही. मग आठवलं, रोज ओट्यावर एक कप झाकून ठेवलेला असतो. मी घाईत निघते.

चष्म्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बदललंय. मे म्हयन्यातच." काचा जाडच दिसतात.

९ सप्टेंबर

गणपती झाले. मखराच्या मागची भिंत यंदा रंगवली नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ती भिंत दर वर्षी नवी असायची: कधी मोर, कधी गरुड, एकदा सबंध समुद्र. लोक गणपतीपेक्षा भिंत बघायला यायचे. यंदा तिथं माझं पांढरं लुगडं लावलं. आल्यागेल्यांना कारणं सांगून तोंड दुखलं.

विसर्जनाला काळोख झाला. तेव्हा मात्र आले. सबंध वाटभर माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. लोकांत असं कधी करत नाहीत. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. पाणंदीत एका जागी मी पुढं सरकले तर ते तसेच उभे राहिले, हात हवेत. मी परत येऊन खांदा दिला. म्हटलं, "काय झाला?" ते म्हणाले, "काय नाय. चल."

वाटलं, राग गेला असावा.

१९ सप्टेंबर

गेला नाही. आज समजलं ते भलतंच.

सातवीच्या चित्रकलेच्या तासाला कागदच नव्हते. प्रत्येक मुलापुढं एक साबणाची वडी आणि बांबूची चीप. मुलं डोळे मिटून साबणातून आंबा कोरत होती. विश्राम बाकांमधून फिरत होते, मुलांच्या हातांवर हात ठेवत होते. मी दाराशी उभी होते. त्यांनी वर बघितलं, सरळ माझ्याकडे बघितलं, आणि परत मुलाकडे वळले. जणू दारात कुणी नाही.

दोन मुलांचे बाप चौकशीला आले. एक म्हणाला, "आमी पोराक वहीभर रंग घेवन दिले, आणि सर साबण कापूक शिकवतत. पुढे न्हाव्याचां दुकान घालूचां काय तेना?"

घटक चाचणीची चित्रं मागवून घेतली. अठ्ठेचाळीस मुलं. सगळ्यांना साठपैकी छत्तीस.

२२ सप्टेंबर

कार्यवाह हरिश्चंद्र वालावलकर येऊन गेले. समोरच्या खुर्चीत बसले, टोपी टेबलावर ठेवली.

"बाई, ही तक्रार माझ्याकडे लेखी आली आहे. दुसरा शिक्षक असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"ज्ञापन दिलं असतं."

"मग?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बघा, तुमका हयसर बसयताना कमिटीत दोघे आडवे पडले होते. बायल माणूस, त्यात घोव तेच शाळेत. मी म्हटलंय, सुनीतीबाई घोवाक सोडूच्यो नाय. आता माझी मान खाली घालू नकात."

टोपी घालून गेले. मी तास घेतला. काय शिकवलं, आठवत नाही.

२४ सप्टेंबर

ज्ञापन लिहिलं. श्री. विश्राम काशिनाथ परब, सहायक शिक्षक, यांस. खालील पाच बाबींचा आठ दिवसांत लेखी खुलासा करावा. विषयाबाहेरचे काम करून घेणे. गुणदानात हयगय. निरपराध विद्यार्थ्यांवर रागावणे. मस्टरवर दुसऱ्याच्या रकान्यात सह्या करणे. या चार कार्यवाहांच्या कागदात होत्या.

पाचवी मी घातली. मुख्याध्यापिका समोरून येत असता जाणूनबुजून अभिवादन न करणे.

टंकून घेतलं, सही केली, लखोटा बंद करून परशुरामच्या हाती पाठवला. तो सही घेऊन आला.

"काय म्हणाले?"

"काय नाय. सय खंय करूची ती मी बोट ठेवन दाखवलंय."

"ते लहान आहेत का?"

परशुराम दारापर्यंत गेला. दाराचा पडदा सारखा केला आणि गेला.

घरी आले तेव्हा विश्राम नव्या वड्या करवंटीतून सोडवत होते. जेवायला तांदळाची भाकरी आणि मुळ्याची भाजी. त्यांनी विचारलं, "दमलंस?" मी म्हटलं, "दमलंय."

३ ऑक्टोबर

आठ दिवस झाले. खुलासा नाही. एक ओळ नाही. काही लिहिलं असतं, भांडणाचं जरी लिहिलं असतं, तरी मला चाललं असतं.

कार्यवाहांची चिठ्ठी: एकोणीस तारखेला कमिटीची सभा. श्री. परब यांच्याबाबत काय करावे, आपली शिफारस घेऊन यावे. तोंडी परशुरामकडून निरोप, शिफारस कामावरून कमी करण्याचीच असावी. खुलासाच दिला नाही म्हणजे त्यांना म्हणायचं काही नाही.

मलाही ते तसंच दिसतं.

५ ऑक्टोबर

रविवार. नवरात्राची आवरसावर. त्यांची फळी आवरली. पाच काचेच्या बरण्या, एकसारख्या, कशात काय ते उघडून बघावं लागतं. कोकमाचं तेल आणि मेण तर दोन्ही पांढरे तुकडे. कोकमाचं तेल हिवाळ्यात आमच्या टाचांना लागतं, वर्षभर पेजेत लागतं. उद्या कुणी चुकलं तर? मी प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली. लाल शाईनं, फळ्यावर लिहिते तेवढ्या मोठ्या अक्षरात. मग रोज लागणारं उजवीकडे, अशी नीट मांडणी केली.

ते परसात होते. आल्यावर म्हणाले, "फळयेक हात लावलंस काय गो?"

"आवरलंय."

बराच वेळ तिथं उभे राहिले. एकेका बरणीवरून हात फिरवला. म्हणाले, "हयच्या वस्तू हय ठेय म्हणान कितीदा सांगितलंय."

"चिठ्ये लावलंय मी."

"हां," म्हणाले.

कौतुक कशाला करतील.

१० ऑक्टोबर

ताप. काल शाळेतून रिक्षानं आले. जास्त लिहिवत नाही. विश्राम रजा काढून घरी आहेत. कपाळावर पट्ट्या ठेवतात. पट्टी आधी बोटांनी कपाळ चाचपून मग ठेवतात.

१२ ऑक्टोबर

काल जे झालं ते आज लिहिते.

अकरा वाजता त्यांनी पेज आणली. गरम, मीठ घालून, वर कोकमाच्या तेलाचा खडा विरघळलेला, तोंडाला चव नसली की मला लागते तशी. चार घास घेतले. काही चव लागेना. तापामुळं असेल म्हणून आणखी घेतली. ओठांवर पापुद्रा आला. जिभेनं काढून बघितला. वाटीच्या कडेला पांढरी कड धरली होती.

उठून स्वयंपाकघरात गेले. बरणी उघडी, झाकण बाजूला. चिठ्ठी तोंडासमोर. मेण.

म्हटलं, "पेजेत काय घातलात?"

"कोकमाचा त्याल."

"ह्यां मेण आसा. केवढी मोठी चिठ्ठी लावलंय. वाचूक येणा नाय तुमका?"

ते शेगडीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "नाय येणा."

"चेष्टा नको. माका ताप आसा."

"चेष्टा नाय गो. बरणीच नीट दिसणा नाय, चिठ्ठी खंयची दिसतली? डावीकडची पयली म्हणान हात घातलंय."

मी खाली बसले. तापानं असेल. तेही येऊन बसले. बसताना आधी हातानं पाट शोधला. हे मी रोज बघत आले आहे.

दोन वर्षं झाली म्हणाले. आधी काळोखात दिसेना, मग बाजूचं दिसेना. नळीतून बघितल्यासारखं होऊ लागलं, नळी बारीक होत गेली. जूनपर्यंत मोठी अक्षरं लागत, आता तीही नाहीत. मे महिन्यातले सात दिवस परीक्षेच्या कामाचे नव्हते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, उपाय नाही. घरी न येता ते परत कोल्हापूरला गेले. तिथं अंधांच्या एका संस्थेत साबण आणि मेणबत्त्या शिकवतात. दारात उभे राहिले. शिकवणारा जन्मापासून आंधळा. त्यानं विचारलं, "तुमचं किती राहिलंय?" ते म्हणाले, "थोडं." तो म्हणाला, "मग आत्ताच शिका. थोडं आहे तोवर हात चुकले तर कळतं."

मी विचारलं, "माका कित्याक सांगूक नाय?"

"तुझी नेमणूक होवची होती. घरात आंधळो माणूस, बाई घर बघतली की शाळा बघतली, असां म्हटल्यानी असते. मगे सांगणार होतंय. तर पयल्याच दिवशी तू म्हणालंस, घरचां शाळेत नाय, शाळेचां घरी नाय. डोळे खंयच्यात मोडतत, तां माका कळला नाय."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. मला राग चालला असता.

मग उठले, भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेले, कोऱ्या वड्यांच्या टोपलीतून लखोटा काढून आणला. बंद. ओलसर झालेला, साबणाचा वास लागलेला.

"ह्यो एक कागद आसा. ऑफिसातसून इलो. बघ काय तो."

म्हटलं, "परशुरामाक कित्याक विचारूक नाय? तेका ठावक आसा."

"तेका सगळां ठावक आसा. तोच जिन्यावर पुढे चालता. पण बायलेचो कागद शिपायाकडसून वाचून घेव?"

लखोटा मी फोडला. वाचायला सुरुवात केली. श्री. विश्राम काशिनाथ परब. त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं. उखाण्यानंतर पहिल्यांदा. ते जरासे हसले. मग पुढचं वाचलं. एक, दोन, तीन, चार. मग "आपली, मुख्याध्यापिका" आणि माझं नाव.

पाचवी बाब वाचली नाही.

"झाला?"

"झाला."

"बरां लिवलंस," म्हणाले. "भाषा साफ आसा."

पेजेचं पातेलं घेऊन परसात गेले. मेण आहे, गुरांना घालू नका, हे मी आतून ओरडून सांगितलं.

१३ ऑक्टोबर

ताप उतरला. दिवसभर पडून होते. जूनपासूनची पानं परत वाचली. वही साड्यांच्या खाली कशासाठी ठेवत होते?

१४ ऑक्टोबर

दुपारी म्हणाले, "कागद घे. खुलासो लिवया."

मी म्हटलं, मी कशी लिहू, तो मलाच आहे. ते म्हणाले, "मगे कोण लिवतलो? तुझा अक्षर बरां आसा."

लिहिलं. प्रति, मुख्याध्यापिका. ते खिडकीत बसून सांगत होते, शुद्ध भाषेत, मुलांना शुद्धलेखन घालावं तसं थांबत. हातात एक कोरी वडी होती, ती अंगठ्यानं घासत होते.

बाब पहिली. मान्य. कागदावरचे काम मला तपासता येत नाही, हातातले येते. आंबा कसा असतो हे मुलांना त्यातून अधिक कळले, असे माझे मत आहे.

बाब दुसरी. मान्य. चित्रे दिसली नाहीत. कुणावर अन्याय नको म्हणून सर्वांना सारखे गुण दिले. तो सर्वांवर अन्याय झाला.

बाब तिसरी. मान्य. आवाज ज्या बाजूने आला त्या बाजूच्या मुलावर रागावलो. त्या मुलांची माफी मागेन.

बाब चौथी. मान्य. रकाना दिसला नाही.

मी लिहून थांबले. आता खाली सही म्हणून लेखणी त्यांच्या हातात देणार, तर म्हणाले, "पाचवी?"

"खंयची पाचवी?"

"सुरवातीक पाच बाबी म्हणालंस. वाचलंस चार."

खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं. शेजारच्या खळ्यात कुणी नारळ सोलत होतं. एक, मग दुसरा, मग तिसरा.

मी लखोट्यातून कागद काढून पाचवी वाचली. जाणूनबुजून या शब्दाशी थांबले. परत वाचली.

"ही वालावलकरांची?"

"नाय. माझी."

त्यांनी वडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "लिव. बाब पाचवी. मान्य. मुख्याध्यापिकेच्या चपलांचा आवाज येत नाही."

"ह्यां कसां लिवूचां?"

"जसां सांगतंय तसां. जूनाआधी तुझी चप्पल टक् टक् वाजा. जिन्याखालसून कळा, ती इली. आता काय वाजणा नाय. पश्चिमेकडच्या दारातसून उजेड येता, तेच्यात माका सगळी माणसां काळी दिसतत. परशुराम खोकता, वालावलकर काठी आपटता, पोरां तर बोंबलतच येतत. तू काय करतंस? येतंस नि जातंस. मी कोणाक नमस्कार करू?"

मी ते लिहिलं. काटछाट केली नाही. पश्चिमेकडच्या दाराचंही लिहिलं. त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली. त्यांनी सही केली. सही अजून सुंदर आहे, शेवटचं वळण चित्रासारखं.

मग मी कागद उलटा करून वर लिहिलं, प्राप्त. तारीख घातली. माझी सही केली.

१५ ऑक्टोबर

शाळेत गेले. सभेसाठी शिफारस लिहिली. कामावरून कमी करण्याची नाही. खुलासा जोडला आहे. वैद्यकीय कारणानं चित्रकलेच्या तासांतून मोकळीक द्यावी, सातवीचा हस्तव्यवसायाचा एक तास श्री. परब यांच्याकडे ठेवावा, साहित्य ते स्वतः आणतील. खाली लिहिलं, पाचवी बाब मुख्याध्यापिकेच्या चुकीच्या समजुतीतून लिहिली गेली आहे, ती त्यांनी मागे घेतली आहे.

वालावलकरांनी वाचलं. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"म्हणजे मी म्हटलंय सोडूच्यो नाय, आणि तुमी घोवाक सोडलात."

"होय."

"कमिटीत ते दोघे काय म्हणतले ठावक आसा?"

"ठाऊक आहे."

"मी तुमच्या बाजून बोलान असां समजा नकात."

"नाही समजत."

कागद घेऊन गेले. मी खुर्चीत मागं टेकून बसले. पाय टेकत नाहीतच. परशुरामला पाट आणायला सांगितलं. तो लगेच घेऊन आला. दाराबाहेर आधीच आणून ठेवला होता असं वाटलं.

१६ ऑक्टोबर

रविवारी सभा आहे. काय होईल सांगता येत नाही. खुर्ची जाईल, किंवा त्यांचा तास जाईल, किंवा दोन्ही. अंगात अजून अशक्तपणा आहे.

फळीवरच्या चिठ्ठ्या काढल्या. सोप्यानं निघाल्या नाहीत, गरम पाणी लावून खरवडाव्या लागल्या. विश्राम सांगत गेले तशा बरण्या लावल्या. कोकमाचं तेल डावीकडून पहिलं.

जुन्या चपला माळ्यावरून काढल्या. टाचेतला खिळा सुटून वर आलाय, पावलागणिक वाजतो. तरी घातल्या.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून निघाले. पश्चिमेच्या दाराकडून, उजेड पाठीला घेऊन. विश्राम सातवीच्या दाराशी उभे होते, तोंड भलत्याच दिशेला. चार पावलं गेले, पाच, सहा. त्यांनी मान वळवली. अंगरखा नीट केला. हात जोडले.

"नमस्कार, बाई."

पोरं हसली. मीही हात जोडले. मग लक्षात आलं, नुसते हात जोडून उपयोग नाही.

"नमस्कार, परब सर," म्हटलं. मोठ्यानं.

खिळा टोचतो. ठोकून घेणार नाही.